हाताची घडी, तोंडावर बोट

मराठी शाळेत आजवर सर्वांत जास्त वेळा दिली गेलेली आज्ञा म्हणजे 'हाताची घडी, तोंडावर बोट'. ही आज्ञा एकदा शब्दशः पाळून पाहा. दोन्ही हातांची घडी नीट बसली की तोंडावर ठेवायला बोट उरत नाही, आणि बोट ठेवावं तर घडी मोडते. पिढ्यान्‌पिढ्या पोरांनी ही आज्ञा ऐकली, घडी आणि बोट यांच्यात कशीबशी तडजोड केली, पण 'बाई, हे दोन्ही एकदम होत नाही' असं म्हणायला एकही जण उठला नाही. उठणार कसा? तोंडावर बोट होतं.

अशा या परंपरेत एके दिवशी 'हँड्स-ऑन लर्निंग' येऊन पडलं. 'यंदापासून विज्ञान, गणित आणि संगणक हे तिन्ही विषय आपली मुलं हातांनी शिकणार आहेत,' असं आमच्या भागातल्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी पालकसभेत जाहीर केलं. टाळ्या वाजल्या. टाळ्या विरल्यावर पहिला प्रश्न आला, 'सर, याला मार्क किती?' दुसरा आला, 'स्कॉलरशिपच्या तयारीवर परिणाम नाही ना होणार?' तिसरा थेट मुद्द्याचा होता, 'फी वाढणार का?' मुख्याध्यापकांनी तिन्ही प्रश्नांना 'फार चांगला प्रश्न आहे' एवढं एकच उत्तर दिलं आणि चहा सांगितला. मी पालक-शिक्षक संघावर असल्यामुळे या तासांना मागच्या बाकावर बसून 'निरीक्षण' करायचं काम माझ्याकडे आलं. निरीक्षण करणाऱ्याने काही करायचं नसतं, त्यामुळे मी ते आनंदाने पत्करलं.

शाळेला प्रयोगशाळा होतीच. फक्त ती बंद होती. किल्ली मोठ्या क्लार्ककडे, क्लार्क पगारबिलं घेऊन बाहेर गेलेले, जादा किल्ली त्यांच्या कपाटात आणि कपाटाची किल्ली त्यांच्याच खिशात. शेवटी दार उघडलं तेव्हा आत समोरच्या भिंतीवर जुनी पाटी दिसली, 'कोणत्याही वस्तूस हात लावू नये.' तिच्या शेजारी कोरा करकरीत फ्लेक्स, 'हातांनी करा, मनापासून शिका!' दोन्हींच्या खाली 'आज्ञेवरून, मुख्याध्यापक'. मुलांनी दोन्ही वाचलं आणि हात खिशात घातले.

कोपऱ्यात सांगाडा उभा होता. त्याचा उजवा पंजा मनगटापासून नाहीसा झालेला. येणाऱ्या प्रत्येक तुकडीने त्याच्याशी हस्तांदोलन केलं, त्यात तो गेला असं कळलं. त्या सबंध खोलीत कुणी कशाला हात लावल्याचा एवढा एकच पुरावा होता. बाकी सगळं जसंच्या तसं. चंचुपात्रं एकात एक घालून ठेवलेली, सूक्ष्मदर्शक लाकडी पेटीत, पेटी प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कपाटात.

यात शिक्षकांना दोष देण्यात अर्थ नाही. शाळेत डेड स्टॉक रजिस्टर नावाची एक लांबट वही असते. तिच्यात चंचुपात्र, परीक्षानळी, लोहचुंबक सगळ्यांची जमा असते. चंचुपात्र फुटतं पोराच्या हातून, पण वहीत ते कमी दिसतं सरांच्या सहीसमोर. तपासणीला साहेब येतात ते काचा मोजतात, प्रयोग मोजत नाहीत. मग शहाणा माणूस काय करेल? कुलूप लावेल. न वापरलेलं साहित्य शंभर वर्षं टिकतं, आणि त्या वहीच्या नावातच 'डेड' आहे, तेव्हा तक्रार कुणाची?

प्रयोग होत नव्हते असं मात्र नाही. ते प्रयोगवहीत होत होते, आणि सुवाच्य अक्षरात होत होते. उद्देश, साहित्य, आकृती, कृती, निरीक्षण, अनुमान. यांतली आकृती सर्वांत महत्त्वाची, कारण तिला पेन्सिलीने शेडिंग करता येतं. ओहमच्या नियमाचंच घ्या. तारेच्या दोन टोकांमधलं विभवांतर वाढवत न्यायचं, विद्युतधारा मोजायची, आलेख काढायचा आणि तो आरंभबिंदूतून जाणारी सरळ रेषा येतो का ते पाहायचं. आपली मुलं आधी पट्टीने सरळ रेषा ओढतात, मग तिच्यावर बिंदू देतात, आणि जरा अस्सल वाटावं म्हणून एखाद-दोन बिंदू रेषेच्या किंचित खाली-वर करतात. आकडे ताईच्या जुन्या वहीतले असतात. ताईने ते तिच्या मैत्रिणीच्या वहीतून घेतलेले असतात. हे आकडे मुळात कुणी, कोणत्या साली, कोणत्या तारेवर घेतले याचा शोध घेतला तर बहुधा खुद्द ओहमसाहेबांपाशीच जाऊन थांबावं लागेल.

बारावीला तर प्रयोगाची सूत्रं सरळ प्रयोगशाळेतल्या मामांच्या हाती जातात. क्षार ओळखायचा असतो. मोरचूद निळा, तो कुणीही ओळखेल. पण पांढरी पूड आली की पोरांची पाचावर धारण बसते, कारण जगातले निम्मे क्षार पांढरेच. मग मामा कप विसळताविसळता कान खाजवतात तेव्हा क्लोराइड, आणि मिशीवरून हात फिरवतात तेव्हा सल्फेट, अशी एक समांतर पद्धत काही कॉलेजांतून पिढीजात चालत आलेली आहे. ज्योत-परीक्षेत तांब्याने हिरवी ज्योत येते, हे त्यातल्या त्यात खरं हातांनी केलेलं काम. बाहेरून आलेले परीक्षक तेव्हा पोहे खात असतात.

बालभारतीच्या विज्ञानाच्या पुस्तकांत 'करून पहा' अशी चौकट असते. हेतू उत्तम आहे. वर्गात काय होतं, तर बाई म्हणतात, 'हं, आता करून पहा वाचा.' एक मुलगी उभी राहून करून पहा वाचते. सगळे ते ऐकतात. 'कळलं?' 'हो बाईऽऽ!' करून पाहिलेलं असतं. मग पुढची चौकट, 'जरा डोके चालवा', तीही अशीच वाचून होते.

तर या सगळ्या पार्श्वभूमीवर पहिला खरा तास झाला तो चुन्याच्या निवळीचा. साधा प्रयोग. कळीचा चुना पाण्यात विरवायचा, खाली बसू द्यायचा, वरचं नितळ पाणी घ्यायचं आणि त्यात नळीने फुंकायचं. उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडमुळे निवळी दुधाळ होते. पुस्तक इथे थांबतं, आणि पुस्तक थांबलं की वर्गही थांबतो. सगळ्यांच्या निवळ्या दुधाळ झाल्या, वह्या निघाल्या, 'निवळी दुधाळ होते' असं लिहून झालं. फक्त शेवटच्या टेबलावरचं एक पोर फुंकतच राहिलं होतं. त्याला कुणी 'थांब' म्हटलं नव्हतं. गाल लाल झालेले, डोळे बाहेर आलेले. उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड जेमतेम 4 टक्के, त्यामुळे त्याला बराच वेळ लागला, आणि त्याने निवळीत पाणी जरा सढळ हाताने घातलेलं असल्यामुळे काम साधलं. तास संपायला आला तेव्हा त्याच्या परीक्षानळीतलं दूध नाहीसं होऊन पुन्हा जवळजवळ नितळ पाणी झालेलं होतं.

'बाई, माझं परत पाणी झालं.'

'जास्त फुंकलंस तू. वहीत दुधाळ लिही.'

'पण आता दुधाळ नाहीये ना बाई.'

'मघाशी होतं ना? मग ते लिही.'

'पण मग चुना गेला कुठे?'

बाई थबकल्या. हा प्रश्न अपेक्षित प्रश्नसंचात नव्हता. एक क्षण असा आला की त्या 'हाताची घडी' म्हणणार असं मला वाटलं. पण त्या खुर्चीवर बसल्या, परीक्षानळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, 'उद्या बघू. ही नळी कुणी ओतायची नाही.' त्या दिवशी शाळेच्या इतिहासात प्रथमच एक परीक्षानळी विसळायची राहिली.

दुसऱ्या दिवशी बाई वाचून आल्या होत्या. निवळी दुधाळ होते ती न विरघळणाऱ्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे. त्यात कार्बन डायऑक्साइड आणखी सोडत गेलं की त्याचं कॅल्शियम बायकार्बोनेट होतं आणि ते पाण्यात विरघळतं. म्हणजे चुना गेला नव्हता, विरघळून बसला होता. 'मग तापवून बघू,' बाई म्हणाल्या, आणि स्पिरिटचा दिवा पेटवला. पाणी तापलं, बुडबुडे आले आणि नळी पुन्हा गढूळ होऊ लागली. वर्गात गलका झाला. मग एका मुलीने सांगितलं की त्यांच्याकडे बोअरचं पाणी आहे आणि गिझरच्या कॉइलवर असाच पांढरा थर बसतो, बाबा दर दिवाळीला तो पेचकसने खरवडतात. दुसऱ्याने बोरा गुहा पाहिल्या होत्या. तिथले चुनखडीचे खांबही याच देवाणघेवाणीतून, थेंबाथेंबाने, हजारो वर्षांत उभे राहिलेले. एक पोर वेळेत थांबलं नाही म्हणून एवढं सगळं बाहेर आलं. त्याच्या वहीला मात्र लाल शेरा मिळाला, कारण आकृतीला शेडिंग नव्हतं.

गणिताच्या बाईंनी मग चढाओढीने 'पाय' काढायचं ठरवलं. मुलांना घरून गोल वस्तू आणायला सांगितल्या. डब्यांची झाकणं, ताटल्या, बरणीची बुचं, जाडजूड बांगड्या, एकाने तर स्कूटरची स्टेपनी लोटत आणली आणि वॉचमनने ती फाटकावर अडवली. सुतळीने परीघ मोजायचा, पट्टीने व्यास मोजायचा, भागाकार करायचा. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण काकणाला सुतळी लावली की भल्याभल्यांची तारांबळ उडते. एका गटाचा पाय 3.3 आला, एकाचा 3.2, आणि बांगडीवाल्यांचा 2.9. शेवटच्या बाकावरच्या एका हुशार मुलाचा मात्र थेट 3.14159 आला. त्याच्या पट्टीवर मिलिमीटरच्या पुढे खूण नव्हती. तरी दशांशचिन्हापुढे पाच घरं! हा मुलगा पुढे चांगल्या कन्सल्टन्सीत लागणार.

बाईंनी गंमत केली. 3.14159 वाल्याला 'बरं' म्हणून बसवलं आणि 2.9 वाल्यांना फळ्याजवळ बोलावलं. 'कसा आला, करून दाखवा.' तेव्हा उलगडा झाला की पोरींनी सुतळी बांगडीच्या आतून फिरवली होती आणि व्यास बाहेरून मोजला होता. परीघ आतल्या वर्तुळाचा, व्यास बाहेरच्या. 3.3 वाल्यांची पट्टी झाकणाच्या मध्यातून गेलीच नव्हती, त्यामुळे व्यास तोकडा पडला आणि भागाकार फुगला. तासाभरात मुलांना व्यास म्हणजे काय ते जन्मात विसरणार नाही असं कळलं, आणि ते शिकवलं चुकलेल्या दोन गटांनी. बरोबर आलेल्या मुलाकडून कुणाला काही शिकता आलं नाही. आर्यभटाने इ. स. 499 मध्ये सांगून ठेवलं होतं की 20000 व्यासाच्या वर्तुळाचा परीघ 62832, म्हणजे पाय 3.1416, आणि वर हे उत्तर जवळपासचं आहे अशी पुस्तीही जोडली होती. आपली पोरं 22/7 ला 'एक्झॅक्ट' समजून बोर्डाला सामोरी जातात.

खरं सांगायचं तर जिल्हा परिषदेच्या शाळांना या हातकामाचं एवढं अप्रूप नाही. तिथे दशक-एकक शिकवायला काड्यांचे गठ्ठे, चिंचोके, खडे आणि मण्यांच्या माळा पूर्वीपासून आहेत. ज्ञानरचनावादाची लाट आली तेव्हा वर्गातली फरशीही रंगवून झाली. आमच्या शाळेने हेच चिंचोके 'मॅथ्स मॅनिप्युलेटिव्ह किट' या नावाने, प्लॅस्टिकचे, खोक्यात घालून विकत घेतले. त्यांची किंमत ऐकून चिंचेची झाडं लावावीत असं मला वाटू लागलं.

हातांनी शिकण्याचा सर्वांत भव्य सोहळा म्हणजे विज्ञान प्रदर्शन. इथे हात असतात, पण पालकांचे. आदल्या रात्री अकरा वाजता आई थर्माकोल कापत असते, बाबा फेव्हिक्विकने स्वतःची बोटं चिकटवून बसलेले असतात, आणि ज्याचा प्रकल्प आहे तो झोपलेला असतो. त्याला सकाळी लवकर उठून पाठांतर करायचं असतं. ज्वालामुखी हा सदाबहार. खाण्याचा सोडा, व्हिनेगर, लाल रंग, आणि एक डोंगर. पृथ्वीच्या पोटात व्हिनेगर असतं अशी एका अख्ख्या पिढीची समजूत या डोंगराने करून दिली आहे. त्याच्या शेजारी पवनचक्की, जलशुद्धीकरण, भूकंपसूचक भोंगा. अलीकडे यांत आपोआप उघडणाऱ्या कचराकुंडीची भर पडली आहे. परीक्षक विचारतात, 'बाळ, या प्रकल्पाचे फायदे काय?' बाळ डोळे मिटून फायदे म्हणतं. मध्ये अडवलं की पुन्हा पहिल्या फायद्यापासून सुरू करावं लागतं. तोटे विचारले की ते मागे बाबांकडे बघतं.

या कचराकुंडीमागे एक मोठी सरकारी उलाढाल आहे. नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशनने 2016 पासून सहावी ते बारावीच्या मुलांसाठी शाळाशाळांत 'अटल टिंकरिंग लॅब' उभारायला घेतल्या आणि त्यासाठी शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान ठेवलं. योजना खरोखर चांगली. थ्रीडी प्रिंटर, सोल्डरिंग गन, सेन्सर, मोटारी असं सगळं हाती देऊन 'खुडबुड करा' असं सरकारने लेखी सांगितल्याचं हे दुर्मीळ उदाहरण. शेजारच्या एका शाळेत मी ती लॅब बघायला गेलो. थ्रीडी प्रिंटर दिमाखात चालू होता. गेले सहा महिने तो शाळेच्या बोधचिन्हाचं किचेन छापत होता, येणाऱ्या पाहुण्यांना द्यायला. मलाही एक मिळालं. उद्‌घाटनाच्या भाषणात अध्यक्षांनी 'आर्डुइनो' हा शब्द मोठ्या आदराने तीन प्रकारे उच्चारला. हा चिमुकला सर्किट बोर्ड 2005 मध्ये इटलीतल्या इव्रेआ गावात जन्मला आणि त्याचं नाव तिथल्या एका बारवरून पडलं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. तेच बरं झालं. नाहीतर संस्थेने ठराव करून लॅबमध्ये सत्यनारायण घातला असता.

पण त्याच लॅबमध्ये एका टेबलाभोवती चार पोरं कचराकुंडीवर डोकं फोडत होती. कुंडीला दोन डोळे असतात. एक डोळा 40 किलोहर्ट्‌झचा, आपल्याला ऐकू न येणारा आवाज सोडतो आणि दुसरा त्याचा प्रतिध्वनी ऐकतो. आवाज परत यायला किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं आणि झाकण उघडतं. वही पुढे केली की झाकण उघडे. हात केला की उघडे. एका मुलीने लोकरीच्या स्वेटरची बाही पुढे केली की मात्र कुंडी ढिम्म. मुलांनी वायरी काढल्या, घातल्या, कोड पुन्हा चढवला. सर म्हणाले, 'प्रदर्शनाच्या दिवशी स्वेटर घालू नका.' प्रश्न मिटला. मुलीचा मिटला नाही. तिने टॉवेल आणला, उशी आणली, फळा पुसायचं डस्टर आणलं. मऊ वस्तू आवाज गिळते, परत पाठवत नाही, हे तिने कुणी न सांगता काढलं आणि मग विचारलं, 'सर, सिनेमा थिएटरच्या भिंती म्हणून मऊ असतात का?' सर किचेन मोजत होते.

संगणक हा विषय आपल्याकडे बराच काळ सोवळ्यात होता. संगणक कक्षात जायचं तर चपला बाहेर. आत एसी, कारण संगणकाला उकडतं, वर्गात पोरांना उकडलं तरी चालेल. प्रत्येक मॉनिटरवर शिवलेला कापडी झगा. तास सुरू झाला की झगे काढायचे, घड्या घालायच्या, तास संपताना पुन्हा चढवायचे, त्यात निम्मा वेळ. उरलेल्या वेळात एका संगणकाला चार पोरं. एकाच्या हाती माउस, एकाच्या हाती कीबोर्ड, तिसरा सल्ला देणारा, चौथा 'मॅडम, हे मला देतच नाहीत' म्हणून रडणारा. परीक्षा लेखी. 'माउसचे प्रकार सांगून कोणत्याही एकाची सुबक आकृती काढा.'

आता मुलं स्क्रॅच वापरतात. एमआयटीतल्या मीडिया लॅबने 2007 मध्ये ते खुलं केलं, आणि त्यात रंगीत ठोकळे जोडून मांजराला नाचवता येतं. पण संगणकाच्या सरांना त्याच्या आधीचं कासव आवडतं. 1967 मध्ये सीमोर पॅपर्ट, वॉली फोयरझाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी 'लोगो' ही मुलांची संगणकभाषा केली, पुढे तिच्यात एक कासव आलं. त्याला 'पुढे 100', 'उजवीकडे 90' असं सांगायचं आणि ते मागे रेघ सोडत चालतं. एकदा वीज गेली. सरांनी चपला घालायला सांगून वर्ग मैदानावर नेला आणि एका मुलीला कासव केलं. नियम एकच. सांगितलं तेवढंच करायचं, आपलं डोकं चालवायचं नाही. ती म्हणाली, 'मग रोजच्यासारखंच.'

'समभुज त्रिकोण काढा,' सर म्हणाले. कोन 60 अंशांचा, हे पोरांना झोपेतही पाठ. त्यांनी एकमुखाने हुकूम सोडले. दहा पावलं पुढे, उजवीकडे 60. दहा पावलं पुढे, उजवीकडे 60. दहा पावलं पुढे. कासव निघालं होतं तिथून पार लांब, लिंबाच्या झाडापाशी उभं. त्रिकोणाचा पत्ता नाही. 'अगं, इकडे ये ना!' 'तसं सांगा ना मग.' कुणीतरी तेच हुकूम चालू ठेवले, आणि सहाव्या बाजूला ती बरोबर सुरुवातीच्या जागी येऊन पोचली. त्रिकोण काढता काढता षट्‌कोन झाला. भांडणं जुंपली. कोन 60 अंशांचाच असतो, पुस्तकात आहे, हीच नीट वळत नसेल. मग एक पोरगा स्वतः चालून बघायला गेला आणि कोपऱ्यावर उभा राहून ओरडला, 'अरे, आपण आतला कोन वळतच नाही! बाहेरचा वळतो!' 180 वजा 60, म्हणजे 120. तीनदा वळलं की 360, एक पूर्ण गिरकी. कासवाने त्रिकोण पुरा केला. सातवीपर्यंतचा सगळा कोनांचा धडा त्या धुळीत उमटला होता, आणि मधल्या सुट्टीत त्याच्यावर कबड्डी झाली.

या मुलांनी आयुष्यभर आज्ञा पाळल्या होत्या. आज्ञा द्यायची वेळ आली तेव्हा त्यांना कळलं की चुकीची आज्ञा चोख पाळणाऱ्याइतकं जगात त्रासदायक काही नाही. संगणकशास्त्राचं सार यापेक्षा फारसं निराळं नाही. शाळेच्या प्रशासनाचंही नसावं.

हे सगळं कुणी पूर्वी केलं नव्हतं असं नव्हे. 1937 मध्ये वर्ध्याच्या परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षण मांडलं. आपण त्यातून टकळी घेतली आणि शिक्षण वेगळं ठेवलं. 1972 मध्ये मध्य प्रदेशात होशंगाबादच्या 16 शाळांत विज्ञानाचा एक कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या 'बाल वैज्ञानिक' पुस्तकात प्रयोग होते, प्रश्न होते आणि उत्तरं नव्हती. परीक्षेला पुस्तक सोबत न्यायची मुभा होती, कारण त्यात कॉपी करण्यासारखं काही नव्हतंच! अडलेले प्रश्न पोरं 'सवालीराम' या काल्पनिक गृहस्थांना पत्राने विचारत. गाइडवाल्यांचा धंदा बसवणारा असा हा कार्यक्रम 30 वर्षं चालला, आणि 2002 मध्ये सरकारने तो बंद केला. त्याच होशंगाबादला 1978 मध्ये पुण्याच्या टेल्कोतून रजा काढून अरविंद गुप्ता नावाचे आयआयटीचे इंजिनियर गेले, आणि काडेपेटीच्या काड्या नि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी जोडून भूमितीचे आकार करू लागले. पुढे आयुका या संशोधन संस्थेत बसून त्यांनी कचऱ्यातून इतकी खेळणी केली की 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे त्या काड्या आणि नळ्या डेड स्टॉकला कशा लावायच्या यावर अजून एकमत झालेलं नाही. पुण्याजवळ पाबळला डॉ. कलबागांनी 1983 मध्ये विज्ञान आश्रम काढला. तिथली पोरं वेल्डिंग करतात, माती तपासतात, गावात दुरुस्तीची कामं करून देतात. एमआयटीबाहेर जगात ज्या अगदी पहिल्या फॅब लॅब निघाल्या, त्यांतली एक या दुष्काळी गावात आहे. पुण्यातले पालक ती पाहायला जातात, भारावतात, आणि परतताना गाडीतच पोराच्या फाउंडेशन क्लासचा हप्ता भरतात.

मागच्या बाकावर बसून मला जे दिसलं ते एवढंच. प्रयोग जमला तेव्हा मुलं टाळ्या वाजवून मोकळी झाली. निवळी उलटली, बांगडी चुकली, कुंडी रुसली आणि कासव भरकटलं, तेव्हा ती विचार करायला लागली. आपल्या सगळ्या व्यवस्थेने मात्र वर्षानुवर्षं खपून, वह्या, मामा, गाइडं आणि पालक कामाला लावून, प्रयोगातली ही फसण्याची शक्यताच काढून टाकली आहे.

म्हणून पालक-शिक्षक संघाच्या सभेत मी एक सूचना मांडली. प्रयोगवहीत 'अनुमान' झालं की त्याच्याखाली आणखी एक मथळा असावा, 'काय फसलं?' आणि त्याला 5 गुण असावेत. ज्याचं काहीच फसलं नाही त्याला शून्य. सभेत शांतता पसरली. मग पहिल्या रांगेतल्या आई म्हणाल्या, 'पण सर, किती फसलं म्हणजे पैकीच्या पैकी?' दुसरे गृहस्थ म्हणाले, 'आमचा मुलगा फार हुशार आहे हो, त्याचं काही फसतच नाही. त्याचं नुकसान का?' मुख्याध्यापकांनी 'फार चांगला प्रश्न आहे' म्हणून सूचना प्रायोगिक तत्त्वावर मान्य केली.

परवा वह्या आणायला स्टेशनरीच्या दुकानात गेलो होतो. दुकानदाराने विचारलं, 'साधी प्रयोगवही देऊ, की हल्लीची? हिच्यात फसलेलं छापूनच येतं. मुलांना फक्त नाव घालायचं.'